उंदराच्या कानाआधी

बर्चच्या पानाला इकडे पहिल्या दिवशी
उंदराचा कान म्हणतात.
तेवढंच असतं ते. तेवढंच मऊ.
"कान फुटायच्या आत उरक," क्युल्लिक्की म्हणाली.
तिनं सोत्कामोत ऐंशी हिवाळे काढलेत,
म्हणून तिलाच विचारलं होतं,
लायलॅक हलवायचं कधी.

शरदातही चालतं म्हणाली,
पानं गळल्यावर, जमीन गोठायच्या आधी,
पण त्या दोन्हींच्या मधे
आपल्याकडे कधी आठवडा मिळतो, कधी नुसता रविवार.
फुलावर असताना तर नाहीच.
फुलावरचं झाड कुणाचं ऐकत नाही.
मग उरला मे. तळ्यावरचा बर्फ काळा पडतो तेव्हा
पहार खुपसून बघायची.
खण्ण वाजली, तर घरात जाऊन कॉफी प्यायची.
भस्सकन गेली, तर फावडं आणायचं.

नऊ दिवस मी पहार खुपसली.
नऊ दिवस कॉफी प्यायले
अर्ध्या रिकाम्या स्वयंपाकघरात, खोक्यावर बसून.
समोर तैस्तो.
त्याच्या कपाचा कान मीच कधीतरी फोडलेला.
आम्ही भांडत नव्हतो. भांडण असतं तर
सव्वीस वर्षांत कधी ना कधी मिटलं असतं.

दहाव्या दिवशी पहार गेली.
झुडपाचे डोळे फुगलेले, टोकाशी जांभळट,
पण मिटलेले.
गाडीत झोपलेलं पोर उचलून
अंथरुणात ठेवतात, तसलं हे काम.
जाग यायच्या आत
दुसऱ्या घरी.

एक गोष्ट मात्र राहून गेली, क्युल्लिक्की म्हणाली होती,
एवढ्या जुन्या झुडपाची मुळं
वर्षभर आधी तोडून ठेवतात,
खोडाभोवती गोल, हातभर अंतरावर,
मग जवळच्या जवळ नवी फुटतात.
आता एकदम उपटशील,
तर जगेल, नाही जगेल. देवाचं नाव घे.

देवाचं नाव घेतलं. फावडं रोवलं.
अंगाचा भार टाकायची तयारी होती,
कुऱ्हाडसुद्धा आणली होती.
फावडं अलगद आत गेलं,
जशी तिथे वाट होती.

गुडघ्यांवर बसले. माती हातानं उकरली.
अंगठ्याएवढी मुळं, साफ कापलेली.
कापाची कड तपकिरी, जुनी,
आणि प्रत्येक कापापाशी
पांढऱ्या केसांसारखी नवी मुळं, झुपकेच्या झुपके,
माती मुठीत धरून.
बोटांवर मोजलं. मागचा मे.

मागच्या मेमधे तो दोन संध्याकाळी फावडं घेऊन बाहेर होता.
खिडकीतून विचारलं होतं मी, काय चाललंय?
"पाण्याला वाट," म्हणाला.

मी जाते, असं त्याला सांगितलं
ते डिसेंबरात.
त्याआधी मलाही माहीत नव्हतं.
निदान मी तसं समजत होते.

कुणाच्या मुळावर उठणं म्हणतात
ते हे नव्हे.
ह्याला काय म्हणतात
ते क्युल्लिक्कीला विचारता येणार नाही.

गोणपाटात मुळांचा गोळा बांधला. एकटीला उचलेना.
हाक मारली. तो हात पुसत आला,
दुसरी बाजू धरली.
ट्रेलरपर्यंत वीस पावलं,
तो उलटा चालत, मी सरळ,
मधे काड्यांचं हे एवढं गाठोडं,
त्यातून त्याचं तोंड दिसायचं, मग दिसायचं नाही.

"होतं तेवढंच खोल लाव," म्हणाला.
"जास्त पुरू नकोस."
कयानीत खड्डा तयार आहे, पाणी भरून ठेवलंय.
यंदा फुलं येणार नाहीत. पुढच्या वर्षीही कदाचित.

आणि इथला खड्डा?
"राहू दे. जमीन गोठायच्या आत भरेन."

गाडी वळवताना आरशात तो
खड्ड्याच्या काठाशी उभा. फावडं माझंच, त्याच्या हातात.
वर बर्चची फांदी,
तिच्यावर हिरवं असं काही नाही अजून.
कान नाही. कानाची नुसती जागा.